दाताच्या मुळाशी: जिवाणू, पुरावा आणि एक लांबलेला वाद

आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात उमर घालवलेल्या माणसांनी रूट कॅनालवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. दात कसा कोरायचा, नलिका कशी धुवायची हे आम्ही सांगणार नाही. ते आमचं कामच नव्हे. पण ‘अमुक गोष्ट तमुक गोष्टीचं कारण आहे’ असं आपण कोणत्या आधारावर म्हणतो, हा प्रश्न मात्र आमच्या घरचा आहे. या प्रश्नाचा धडधडीत, हाडामांसाचा इतिहास पाहायचा असेल तर दाताच्या मुळासारखी दुसरी जागा नाही. या वादात लाखो माणसांचे दात गेले, काही माणसांचे जीवही गेले. म्हणून हा विषय.

आधी दोन मिनिटं दाताची रचना समजून घेऊ. बाहेर दिसतं ते कठीण आवरण. त्याच्या आत थोडा मऊ थर, आणि त्याच्याही आत एक पोकळी. या पोकळीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि जिवंत ऊती असतात. दंतवैद्य तिला पल्प म्हणतात, आपण बोलीत ‘नस’ म्हणतो. ही पोकळी मुळात शिरते आणि बारीक होत होत मुळाच्या टोकाशी जबड्याच्या हाडात उघडते. तीच मूळनलिका, म्हणजे रूट कॅनाल. कीड खोल गेली किंवा दाताला मार बसला की आतली नस मरते. मेलेल्या नसेत जिवाणू वस्ती करतात, आणि मग मुळाच्या टोकाशी हाड झिजू लागतं, गळू होतं, पू होतो. नलिका उघडून, खरवडून, धुऊन बंद करणं, एवढंच या उपचाराचं सार.

सांगायला किती सोपं! पण हे वाक्य निर्धास्तपणे म्हणता यायला साधारण तीनशे वर्षं लागली. त्यात तीन प्रश्न गुंतलेले होते. पहिला, जिवाणू हे रोगाचं कारण, की मेलेल्या जागी नंतर आलेले पाहुणे? दुसरा, एका दातातले जिवाणू सगळ्या शरीराला आजारी पाडतात का? आणि तिसरा, नलिका स्वच्छ झाली हे कळायचं कसं? आज या तिघांचा मागोवा घेऊ.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू. आपण म्हणतो ‘दात किडला’, ‘दाताला कीड लागली’. या शब्दात एक जुना सिद्धांत गोठून बसलाय. दातात किडा असतो, तो दात पोखरतो आणि म्हणून ठणका लागतो, अशी समजूत बॅबिलोनपासून चीनपर्यंत जगभर होती. सुश्रुतसंहितेत दंतरोगांच्या यादीत ‘कृमिदन्तक’ आहे. वाग्भटांनी तर दाताची पोकळ जागा गुळाने किंवा मेणाने भरून ती डागावी असं सांगितलंय. आपल्याकडे खेडोपाडी भुईरिंगणीच्या बियांची धुरी देत. निखाऱ्यावर बी टाकायचं, धूर तोंडात घ्यायचा, आणि मग पाण्यात पांढरे, बारीक ‘किडे’ पडलेले दिसायचे. युरोपात हेच काम खुरासानी ओव्याच्या बियांनी होत असे. दुखणं थोडं कमी व्हायचं, किडे डोळ्यांना दिसायचे. आणखी पुरावा तो काय हवा?

१७५७ मध्ये रेगेन्सबुर्गचे याकोब शेफर नावाचे धर्मगुरू, जे निसर्गाचे चांगले अभ्यासक होते, त्यांनी या किड्यांवर पुस्तकच लिहिलं. उष्णतेने बी फुटतं आणि त्यातला कोंब बाहेर पडतो, तोच लोकांना किडा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे किडा दातातून येतच नव्हता, तो औषधातून येत होता. त्याआधी १७२८ मध्ये पॅरिसच्या पिएर फोशार यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात किड्याची कल्पना बाजूला सारली होतीच. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुरावा गोळा करण्याच्या रीतीतच पुरावा तयार होतो, असा प्रकार या इतिहासात पुन्हा एकदा येणार आहे, आणि तेव्हा तो जास्त महागात पडणार आहे.

किडा गेला, पण त्याच्या जागी काय? १६८३ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या आंतोनी फान लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर काढून आपल्या भिंगाखाली पाहिला. त्यात सुळसुळ हलणारे जीव दिसले. त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. पण हे जीव काही उपद्व्याप करतात, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. पाहणं आणि पाहिलेल्याचा अर्थ लागणं यांत दोनशे वर्षांचं अंतर पडलं.

मधल्या काळात दंतवैद्य हातावर हात धरून बसले नव्हते. अमेरिकेतले एडवर्ड मेनार्ड हे दंतवैद्यही होते आणि बंदुकांचे शोधकही. त्यांनी १८३८ च्या सुमारास घड्याळाची स्प्रिंग घासून नलिकेत जाईल अशी बारीक सळई केली. १८६४ मध्ये सॅनफोर्ड बार्नम यांनी दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणायची युक्ती काढली, म्हणजे लाळ आत येत नाही. आजही तोच रबर डॅम वापरतात. नलिका भरायला मलायातल्या झाडाचा चीक, गटापर्चा, आला आणि आजवर टिकला. दुखरी नस मारायला चक्क आर्सेनिक घालत असत. म्हणजे नलिका रिकामी करून भरण्याचं तंत्र जिवाणूंच्या ज्ञानाआधीच बरंच पुढे गेलं होतं. का करायचं ते माहीत नव्हतं, पण केल्याने बरं वाटतं हे माहीत होतं. वैद्यकात असं पुष्कळदा होतं, त्यात कमीपणा काही नाही.

मग आले विलोबी मिलर. जन्माने अमेरिकन, काम बर्लिनमध्ये. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेचा त्यांना लाभ झाला. १८९० मध्ये त्यांचा तोंडातल्या सूक्ष्मजीवांवरचा ग्रंथ इंग्रजीत आला. साखरेपासून जिवाणू आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं, हे त्यांनी मांडलं. १८९४ मध्ये त्यांनी मेलेल्या नसेतले जिवाणू पाहिले. त्यातली एक बारीक नोंद आज फार मोलाची वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे काही जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायला गेलं तर वाढत नाहीत, असं त्यांनी लिहून ठेवलं. या नोंदीचा उलगडा व्हायला ऐंशीएक वर्षं जायची होती.

पण आपला पहिला प्रश्न मिलर यांच्यानंतरही उभाच होता. मेलेल्या जनावरावर माशा बसतात. म्हणून माशांनी जनावर मारलं असं आपण म्हणत नाही. मेलेल्या नसेत जिवाणू सापडले, ते मारेकरी की माशा? सोबत दिसणं म्हणजे कारण असणं नव्हे. आमच्या नैयायिकांनी हे कधीच सांगून ठेवलंय. कुंभाराच्या चाकाशी माती वाहून आणणारं गाढवही हजर असतं, पण गाढव हे घटाचं कारण नव्हे. त्याला त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ म्हटलं. गाढव वगळून घट होतो का, हे पाहावं लागतं. जिवाणू वगळून रोग होतो का, हे १८९४ मध्ये कुणाला पाहता येत नव्हतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळायच्या आत दुसऱ्या प्रश्नाने उडी घेतली, आणि इथून गोष्ट काळवंडते.

१९१० मध्ये लंडनचे वैद्य विल्यम हंटर माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बोलायला गेले. त्यांचा रोख होता त्या काळच्या दिखाऊ दंतकामावर. सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि पूल बसवायचे, खाली पू तसाच. यातून रक्तक्षय, पोटाचे विकार, मज्जासंस्थेचे विकार होतात असं त्यांनी बजावलं. टीका बरीचशी खरी होती. काम खरंच वाईट होत होतं. पण त्यातून जी लाट उठली ती वाईट कामापुरती थांबली नाही. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी ‘फोकल इन्फेक्शन’, म्हणजे एका केंद्रातून सर्वत्र पसरणारा संसर्ग, हा सिद्धांत रुजवला. संधिवात, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, थकवा, वेड, कशाचंही मूळ दातात किंवा टॉन्सिलमध्ये शोधलं जाऊ लागलं.

दंतवैद्य वेस्टन प्राइस यांनी रुग्णांचे रूट कॅनाल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले. ससे आजारी पडले. १९२३ मध्ये त्यांचे दोन जाड खंड प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा की नस मेलेला दात कधीच निर्जंतुक होत नाही, म्हणून तो ठेवणंच धोक्याचं. अनेक दंतवैद्यांनी हे शिरोधार्य मानलं. नस मेलेला प्रत्येक दात उपटायचा, संशयित दातही उपटायचा. दंतशिक्षणातून रूट कॅनालचं स्थान घसरत गेलं. तरण्याताठ्या माणसांच्या तोंडांची बोळकी झाली.

याचं टोक पाहायचं तर न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात जावं लागेल. तिथले प्रमुख हेन्री कॉटन यांची पक्की खात्री होती की वेडाचं मूळ जंतुसंसर्गात आहे. ते आधी रुग्णांचे दात काढत. गुण आला नाही तर टॉन्सिल. तरीही नाही तर मोठ्या आतड्याचा भाग. आतड्याच्या या शस्त्रक्रियांत साधारण तीस टक्के रुग्ण दगावत, आणि हा आकडा खुद्द कॉटन यांचा आहे. यश मात्र ते मोठं सांगत. जॉन्स हॉपकिन्सहून फिलिस ग्रीनएकर नावाची तरुण मनोविकारतज्ज्ञ तपासणीला आली. तिने रुग्णांची नोंद एकेक करून पडताळली, तेव्हा यशाचे दावे टिकले नाहीत आणि मृत्यू सांगितल्यापेक्षा जास्त निघाले. तिचा अहवाल तिच्या वरिष्ठांनी, अॅडॉल्फ मायर यांनी, बाहेर येऊ दिला नाही. काम चालू राहिलं.

कॉटन लबाड होते का? तसं म्हणणं सोपं आहे, पण त्यांनी स्वतःचे आणि स्वतःच्या मुलांचेही दात काढवले होते. त्यांचा विश्वास खरा होता. इथेच आमचं काम सुरू होतं. प्रामाणिकपणा हा पुराव्याला पर्याय होत नाही. त्यांच्या सिद्धांताची मांडणीच अशी होती की तो खोटा ठरूच शकत नव्हता. दात काढून बरं वाटलं तर दातात विष होतं. बरं वाटलं नाही तर विष आणखी कुठेतरी दडलंय, पुढचा अवयव काढा. कुठल्याही निकालाने सिद्धांताला धक्का लागत नसेल, तर तो सिद्धांत जगाबद्दल काहीच सांगत नाही.

हा डोलारा पडला तो वक्तृत्वाने नाही, साध्या पडताळ्याने. इंग्लंडमध्ये विल्फ्रेड फिश आणि मॅक्लीन यांनी १९३६ मध्ये एक नेमका प्रश्न विचारला. काढलेल्या दाताच्या मुळाशी जिवाणू सापडतात खरे, पण ते आधीपासून तिथे असतात, की दात उपटताना हिरडीच्या कडेवरून आत ढकलले जातात? दात हलवताना खोबणीत पंपासारखी क्रिया होते. त्यांनी हिरडीची कड आधी डागून निर्जंतुक केली आणि मग दात काढले. मुळाशी जिवाणू सापडेनासे झाले. आठवतो ना भुईरिंगणीचा किडा? पुरावा काढण्याच्या रीतीतून पुरावा जन्मत होता!

सशांचंही तसंच. तोंडातून काढलेला, लाळेने माखलेला दात एवढ्याशा जनावराच्या कातडीखाली शिवला तर ते आजारी पडणारच. त्यावरून माणसाच्या जबड्यात पक्क्या बसलेल्या दाताबद्दल काही ठरत नाही. मग १९३८ मध्ये रसेल सेसिल आणि अँजेव्हिन यांनी संधिवाताचे २०० रुग्ण तपासले. सेसिल हे पूर्वी याच सिद्धांताचे पुरस्कर्ते. दात-टॉन्सिल काढल्याने संधिवात बरा होत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. ज्या मताने आपलं नाव झालं तेच मत आकडे पाहून खाली ठेवायचं, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. विद्यापीठांत राहिलेल्यांना तर हे वेगळं सांगायला नको.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. दात उपटण्याची लाट असतानाही काही मंडळी नलिका नीट धुण्याच्या मागे लागली होती. इथे मदत झाली ती पहिल्या महायुद्धाची. जखमा सडून सैनिक मरत होते. इंग्रज रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन आणि फ्रेंच शल्यविशारद अलेक्सी कॅरेल फ्रान्समध्ये कॉम्पिएन्यला काम करत होते. डेकिन यांनी दोनशेच्या वर द्रव्यं तपासून सोडियम हायपोक्लोराइटचं ०.५ टक्क्यांचं द्रावण निवडलं. हे म्हणजे आपलं कपड्यांचं ब्लीच, फार पातळ केलेलं. जंतू मरतात आणि मेलेली ऊतीही विरघळते. १९१९ मध्ये शिकागोच्या एडगर कूलिज यांनी ते नलिकेसाठी सुचवलं. १९३६ मध्ये वॉकर यांनी जास्त तीव्र द्रावण पुढे आणलं, आणि १९४१ मध्ये फिलाडेल्फियाच्या लुई ग्रॉसमन यांनी नसेच्या ऊती विरघळवण्याची त्याची ताकद प्रयोगाने दाखवली. युद्धातल्या जखमेचं पाणी असं दाताच्या मुळात पोचलं, आणि शंभर वर्षांनंतरही तेच तिथलं मुख्य पाणी आहे.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. खरवडलं, ब्लीचने धुतलं, मग अडचण काय? अडचण नलिकेच्या आकारात. झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी १९१७ मध्ये हजारो काढलेल्या दातांच्या नलिकांत रबर भरलं, दात विरघळवला आणि आतल्या पोकळीचे साचे मिळवले. चित्रातली सरळ नळी कुठेच नव्हती! नदी समुद्राला मिळताना फाटे फुटतात तसे फाटे, दोन नलिकांना जोडणाऱ्या चिंचोळ्या फटी, आडव्या शाखा. सळई जाते ती मुख्य प्रवाहात. खाडीतला गाळ तसाच राहतो. म्हणून काम सळईपेक्षा पाण्यावर जास्त सोपवावं लागतं, आणि तेही जपून, कारण हेच द्रावण मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर तिथल्या जिवंत ऊतींनाही ते जाळतं.

बरं, धुतल्यावर स्वच्छ झालं हे कळणार कसं? त्या काळी कागदाची बारीक वात नलिकेत घालून ती पोषक द्रवाच्या नळीत टाकत. दोन दिवसांनी द्रव गढूळ झाला तर जिवाणू आहेत, नितळ राहिला तर नाहीत. नितळ निघालं की दात भरायचा. शास्त्रीय वाटतं ना? पण मिलर यांची जुनी नोंद आठवा: दिसणारे सगळे वाढत नाहीत. खोल नलिकेत प्राणवायू नसतो. तिथले बहुतेक जिवाणू प्राणवायूविना जगणारे, हवेत मरणारे. उघड्या हवेतून नेलेल्या वातीवर ते वाढणार कसे? नळी नितळ राहिली याचा अर्थ ‘जिवाणू नाहीत’ असा लावला गेला; खरा अर्थ ‘या जाळ्यात सापडले नाहीत’ एवढाच होता. कोळ्याच्या जाळ्याला बोटभर छिद्रं असतील तर त्याने समुद्रात बोटाहून लहान मासाच नाही असं म्हणू नये. अनुपलब्धी आणि अभाव यांतला फरक तर्कशास्त्राच्या वर्गात कंटाळवाणा वाटतो. इथे त्यावर माणसाचा जबडा अवलंबून होता.

आणि मग १९६५. अमेरिकेतल्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांवर एक प्रयोग केला. तो इतका साधा आहे की आपण तो लहान मुलालाही सांगू शकतो. एका गटात नेहमीचे उंदीर. दुसऱ्या गटात जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेले, ज्यांच्या अंगात एकही जिवाणू नाही. दोन्ही गटांच्या दाढेला भोक पाडून नस उघडी केली आणि तशीच ठेवली. खाणंपिणं, अन्नाचे कण आत जाणं, सगळं सारखं. नेहमीच्या उंदरांच्या नसा आठवड्याभरातच सडू लागल्या, पुढे गळवं झाली. निर्जंतुक उंदरांच्या नसा मेल्या नाहीत. उलट दोन-चार आठवड्यांत त्यांच्या उघड्या नसेवर नव्या दंतद्रव्याचा पूल बांधला गेला. जखम भरून आली.

गाढव वगळून पाहिलं, घट झाला. माती वगळून पाहिली, घट झाला नाही. एवढ्या एका प्रयोगाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. भोक पडल्याने नस मरत नाही, जिवाणूंनी मरते.

पण माणसाचं काय? माणसाला निर्जंतुक पेटीत वाढवता येत नाही. तिथे १९७६ मध्ये स्वीडनमधल्या उमेओ इथे गोरान सुंडक्विस्ट यांनी निसर्गानेच मांडलेला प्रयोग शोधला. मार बसून नस मेलेले, पण वरून अखंड असलेले ३२ दात त्यांनी घेतले. कीड नाही, भोक नाही. प्राणवायूचा स्पर्श होऊ न देता नमुने घेतले. मुळाशी हाड झिजलेले १९ दात होते, त्यांतल्या १८ मध्ये जिवाणू सापडले. हाड शाबूत असलेल्या दातांत एकही नाही. सगळ्या ३२ दातांची नस मेलेली होती, हे विसरू नका. म्हणजे ‘मेलेली नस विषारी असते’ हा प्राइस यांच्या काळातला समज इथे थेट कोसळतो. मेलेली नस जिवाणूंवाचून वर्षानुवर्षं निरुपद्रवी पडून राहू शकते. आणि सापडलेल्या जिवाणूंत नव्वद टक्क्यांहून जास्त प्राणवायूविना जगणारे होते. मिलर यांच्या नोंदीला अखेर उत्तर मिळालं.

आता हातात नीट जाळं आलं. मग त्याच उमेओमध्ये ब्युस्ट्रोम आणि सुंडक्विस्ट यांनी मोजायला सुरुवात केली. नलिका सळईने खरवडून साध्या मिठाच्या पाण्याने धुतली, तर पाचव्या भेटीपर्यंत १५ पैकी ८ नलिकांत जिवाणू सापडेनासे झाले. मिठाच्या पाण्याऐवजी ०.५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट वापरलं, तर १५ पैकी १२. पुढे १९८५ मध्ये नलिकेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून महिनाभर ठेवलं, तेव्हा ३५ पैकी ३४. हे कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे रसायनाच्या दृष्टीने आपल्या पानाच्या डब्यातला चुनाच! हेर्मान या जर्मन दंतवैद्याने १९२० मध्ये तो दंतोपचारात आणला. (कुणी घरी दातात चुना भरू नका म्हणजे झालं.) पुढच्या संशोधकांना सगळ्यांनाच इतका चांगला निकाल मिळाला नाही, हेही सांगायला हवं.

मग शेवटचा हिशोब. जिवाणू राहिले तर फरक पडतो का? १९९७ मध्ये श्योग्रेन आणि सहकाऱ्यांनी मुळाशी हाड झिजलेले ५५ दात एकाच भेटीत स्वच्छ करून भरले, भरण्याआधी नमुना घेतला आणि पाच वर्षांपर्यंत मागोवा ठेवला. ज्यांत भरताना जिवाणू सापडले नव्हते त्यांतले ९४ टक्के बरे झाले. ज्यांत सापडले होते त्यांतले ६८ टक्के.

हे दोन आकडे थोडं थांबून पाहू, कारण यात दोन्ही बाजूंच्या अतिरेकाला उत्तर आहे. ९४ आणि ६८ यांतला फरक सांगतो की स्वच्छतेला खरंच किंमत आहे. घाईघाईने भरलेला दात आणि कष्टाने धुतलेला दात सारखे नाहीत. पण ६८ हा आकडा स्वतःच सांगतो की थोडे जिवाणू राहूनही तिघांतले दोन दात बरे झाले. म्हणजे ‘निर्जंतुक नाही म्हणजे विषारी’ हे समीकरण चुकीचं. शरीर नुसतं बघत बसत नाही, तेही लढतं. २००५ मध्ये नायर आणि सहकाऱ्यांनी एका भेटीत उत्तम उपचार केलेल्या खालच्या दाढांच्या मुळांची टोकं लगेच काढून तपासली, तेव्हा १६ पैकी १४ मध्ये कुठल्यातरी फटीत जिवाणू शिल्लक होते. हेस यांच्या रबराच्या साच्यांतल्या खाड्या आठवा. तरीही अशा उपचारांनी बहुतेक दात बरे होतात. म्हणून आज जाणकार ‘निर्जंतुक केलं’ असं म्हणत नाहीत. जिवाणूंची संख्या शरीराला पेलेल इतकी खाली आणायची, उरलेल्यांची वाट आणि रसद बंद करायची, एवढंच म्हणतात. दावा लहान झाला, आणि म्हणूनच तो खरा झाला.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा इतिहास झाला, आज त्याचं काय? त्याचं असं की १९२३ चे ससे अजून मेलेले नाहीत. काही वर्षांपूर्वी एका माहितीपटाने तोच जुना सिद्धांत नव्या वेष्टनात आणला: रूट कॅनालमुळे कर्करोग होतो, हृदयविकार होतो, दात काढून टाका. दंततज्ज्ञांच्या संघटनांनी हरकत घेतली आणि २०१९ मध्ये तो एका मोठ्या वाहिनीवरून उतरवला गेला. पण त्यातली वाक्यं आपल्या मराठी व्हॉट्सॲप गटांत ‘पुढे पाठवा’ म्हणून फिरतच असतात. त्यात हमखास एक वाक्य असतं: इतक्या कर्करुग्णांपैकी बहुतेकांनी रूट कॅनाल केलेलं होतं. आपल्या वयाच्या मंडळींत रूट कॅनाल कुणी केलेलं नसतं? चष्मा तर जवळजवळ सगळ्यांनाच असतो. चष्म्याने कर्करोग होतो का? पुन्हा तेच गाढव, पुन्हा तोच घट.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगू. तोंडाचा आणि शरीराचा काही संबंधच नाही, असं कुणी म्हणत असेल तर तेही चूक. तोंडातले जिवाणू रक्तात शिरतात. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्यांना काही दंतोपचारांआधी प्रतिजैविक देतात ते याचसाठी. दाताच्या गळवातून संसर्ग मानेत उतरून जिवावर बेततं, हेही खरं. हंटर यांच्या भाषणात सत्याचा अंश होताच. सिद्धांत चुकला तो ‘काही वेळा’वरून ‘नेहमी’वर उडी मारताना, आणि पडताळा पाहण्याआधी चिमटा हातात घेताना.

यातून आपण व्यवहारात काय घ्यायचं? दात ठणकला आणि कुणी म्हणालं, काढून टाका, तर विचारायचं: वाचवता येतो का? कुणी म्हणालं, रूट कॅनाल करू, तर विचारायचं: रबराचा पडदा लावणार का, धुणार कशाने, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एक्स-रे काढून हाड भरलं का ते बघणार का? ठणका थांबला म्हणजे हाड भरलं असं नाही. वेदना नसणं आणि रोग नसणं यांतही अनुपलब्धी आणि अभाव यांचाच फरक आहे. चांगल्या डॉक्टरला असे प्रश्न आवडतात, असा आम्हाला विश्वास आहे.

ट्रेंटनच्या त्या रुग्णांना असे प्रश्न विचारायची सोय नव्हती. त्यांच्या वतीने एका तरुण डॉक्टरबाईने विचारले, आणि तिचे कागद कपाटात बंद झाले. पुरावा मिळवणं हे एक काम आणि मिळालेला पुरावा लोकांसमोर येऊ देणं हे दुसरं. पहिल्यात जिवाणूशास्त्र लागतं. दुसऱ्यात काय लागतं, यावर मात्र आपण प्रश्नोत्तरांत बोलू.